कोचनं सांगितलंय की…

१३ मार्च

ही डायरी खताच्या कंपनीनं माझ्या शेतीसामानाच्या दुकानाला फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला: 'जमिनीचा कस तपासल्याशिवाय पेरणी करू नका.' आजच मी बरिंगल फुटबॉल क्लबचा कोच झालो, हे कंपनीला कसं कळलं कोण जाणे.

मुलाखत नोला हिक्सच्या स्वयंपाकघरात झाली. नोला क्लबची अध्यक्ष, कँटीनची मालकीण, आणि गावातल्या प्रत्येकाला तो पाळण्यात असल्यापासून ओळखते. त्यामुळे कौतुक कोणाचंच नाही. बाकीची समिती म्हणजे तिच्या दोन बाजूंना बसलेले दोन गप्प शेतकरी.

"लिंडसे पॅस्को," ती म्हणाली, "आधी दोन क्लबांनी तुला काढलंय."

"एकानं. दुसऱ्यानं मुदत वाढवली नाही."

"घरी जाताना काही फरक वाटला का?"

मी म्हटलं, मेलबर्नला मोठ्या लीगमध्ये खेळलेला या गावातला मी एकटा आहे. एकोणीस सामने. नोला म्हणाली, तेही सत्तावीस वर्षांपूर्वी, आणि विसावा सामना का नाही ते गावाला माहीत आहे. माझ्या बाजूनं सगळ्यात भक्कम मुद्दाही शेवटी तिनंच मांडला: बरिंगल गेल्या वर्षी एकही सामना जिंकलं नाही, तेव्हा मी बिघडवणार काय? हंगाम संपला की समिती बघेल. आणि तिसऱ्यांदा हाकललेल्याला चौथा क्लब कोणी देत नाही, हे तिनं चहात साखर घालावी तसं सहज सांगितलं.

घरी येऊन बायकोला, ग्लेनिसला, सांगितलं. गावाचं टपाल वाटून ती टपालाच्या गाडीवरून नुकतीच उतरली होती.

"तुला हवंय हे?" तिनं विचारलं.

"फार."

"मग यावेळी ओरडू नकोस."

म्हटलं, ओरडणं आणि कोचिंग यांतला फरक तुला कळत नाही. ती म्हणाली, "मला कळून काय उपयोग? पोरांना कळायला हवा."

९ एप्रिल

हरलो. किती फरकानं ते लिहीत नाही. समोरच्यांच्या प्रत्येक गोलाला झेंडा हलवून हलवून गोलपंचाचा हात दुखायला लागला, एवढं पुरे.

मी गव्हाच्या ट्रकच्या हौद्यात उभा असतो. तिथून सगळं मैदान दिसतं, पण ओरडलेलं फक्त पलीकडच्या मेंढ्यांना ऐकू जातं. म्हणून निरोप्या. मी निरोप द्यायचा, त्यानं धावत जाऊन खेळाडूच्या कानात घालायचा. आमचा निरोप्या बर्नी, गावातला न्हावी. आवाज खणखणीत. माझा निरोप तो शब्द न शब्द पोचवतो, वर स्वतःच्या पदरचे दोन घालतो.

निरोपाचं महत्त्व मला मोठ्या लीगमध्ये कळलं. आमचा कोच व्हिक मॅलोनी. माझा एकोणिसावा सामना, बाद फेरी. आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू हातानं झेलायचा असतो; मी दोन झेल सोडले. निरोप्या धापा टाकत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "व्हिकनं सांगितलंय की तू कोण आहेस ते त्याला आठवत नाहीये." व्वा! काय वाक्य! दर नाताळला मी हे सांगतो आणि जेवणाचं टेबल खदखदून हसतं. पुढची किक माझी मैदानाबाहेर गेली, नंतर मीही गेलो, ते सोडा. कोचिंग म्हणतात ते याला.

३० एप्रिल

चौथा पराभव. मुख्य दुखणं टायनी. धान्याचा ट्रक चालवतो, सहा फूट पाच इंच, म्हणून नाव टायनी, म्हणजे चिमुकला. समोरच्या गोलाजवळ उभं राहायचं, उंच आलेला चेंडू झेलायचा, आणि निवांतपणे लाथ मारून मधल्या दोन उंच खांबांमधून घालवायचा, सहा गुण. टायनी झेलतो हळुवार, अंडी उतरवून घ्यावीत तसा. मग लाथ मारताना थरथरतो, आणि चेंडू जातो उंच खांब आणि बुटका खांब यांच्यामधून. एक गुण. आज त्यानं असे सात एकेक गोळा केले. गल्ल्यात चिल्लर टाकल्यासारखे.

बर्नीबरोबर निरोप पाठवला: "त्या गवताच्या गंजीला सांग, पुढची किक चुकली तर त्याला कँटीनमध्ये भांडी घासायला लावीन." बर्नीनं सांगितलं. पुढची किक चुकली. त्याच्या पुढचीही.

मैदानाभोवती गाड्या लावून लोक आतच बसून सामना बघतात आणि आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. आज बरिंगलच्या बाजूनं एकदाच हॉर्न वाजला. कोणाचं तरी कुत्रं स्टिअरिंगवर चढलं होतं.

७ मे

दुसऱ्या क्वार्टरमध्ये बर्नी निरोप घेऊन निघाला आणि सशाच्या बिळात पाय जाऊन आडवा झाला. घोट्याचं हाड. स्ट्रेचरवरून जाताना तो अर्धा निरोप रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरलाच देऊन गेला.

निरोप्याचं पिवळं बनियन उचलून ग्लेनिस म्हणाली, "मी पळते."

"तू सेहेचाळीस वर्षांची आहेस."

"गेल्या वर्षापर्यंत नेटबॉल खेळले. तू शेवटचा कधी पळालास? बँक बंद व्हायच्या वेळेला?"

हरलो, पण थोडक्यात. सल्ला: 'जुनं यंत्र बदलताना घाई करू नका.' गाढव आहे कंपनी.

१४ मे

जिंकलो! जिंकलो!! बरिंगल, दोन वर्षांत पहिल्यांदा!

कसं ते नीट नोंदवून ठेवतो, पुढे पुस्तक लिहायचं झालं तर लागेल. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टायनीनं पुन्हा एक सोपी किक वाया घालवली. ग्लेनिसला म्हटलं, "त्याला सांग, त्याच्यापेक्षा विजेचा खांब बरा, निदान उजेड तरी देतो." ती पळाली. मी ट्रकवरून बघत होतो. तिनं कानात सांगितलं. टायनीनं मैदानाच्या कडेला बघितलं, जिथं त्याची आई घडीची खुर्ची टाकून बसते, आणि तो मोठ्यांदा हसला. पुढचा झेल, पुढची किक, सहा गुण. मग आणखी चार गोल.

निष्कर्ष: अपमान पुरेसा तिखट असेल तर माणूस भीतीच्या पलीकडे जातो. बर्नी तो पातळ करत होता.

४ जून

ओळीनं तीन विजय. पद्धत पक्की झाली.

आजचा कळस ब्लू. ब्लू म्हणजे लाल केसांचा (इकडं लाल केसवाल्याला ब्लूच म्हणतात), मेंढ्यांची लोकर कापणारा, आमचा मधल्या फळीतला घोडा. आज तिसऱ्या क्वार्टरपर्यंत घोड्याचं खेचर झालं. मी निरोप दिला: "त्याला सांग, माझी आजी त्याच्यापेक्षा जोरात पळते, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आणि मधून घुसू नको म्हणावं, पत्र्याच्या शेडच्या कडेनं लांब मार." ग्लेनिस गेली. ब्लूनं ऐकलं, उभा राहिला आणि बाहीनं डोळे पुसले. रडवला! लोकर कापणाऱ्या माणसाला रडवणं व्हिक मॅलोनीलाही जमलं नसतं. आणि मग जो सुटला! फक्त मधूनच घुसत राहिला. ग्लेनिसला विचारलं, शेडच्या कडेचं सांगितलं नाहीस का? म्हणाली, "वारा होता रे." मधूनच तीन गोल झाले, म्हणून जास्त बोललो नाही.

९ जून

माणसं विचित्र वागायला लागली आहेत. आज दुकानात ब्लूची बायको लिनेट आली. तिला दिवस गेलेत हे मला आज तिच्या पोटाकडे बघून कळलं. ट्रॅक्टरचा फिल्टर मागितला, मग काउंटरला वळसा घालून आली आणि मला मिठी मारली. "तू शनिवारी जे सांगितलंस ना, त्यानं घरी येऊन मला सांगितलं," म्हणाली आणि नाक शिंकरत गेली. फिल्टर विसरून.

माझ्या आजीबद्दल एवढं?

दुपारी टायनीची आई अंजिराच्या जॅमची बरणी घेऊन हजर. "सामना चालू असताना तुला माझ्या टोपीची काळजी!" म्हणाली. "नवी घेतली बघ, रुंद काठाची." मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार? जिंकायला लागलं की गाव वेडं होतं, एवढंच खरं.

२ जुलै

थंडी हाडांत शिरलीय. हरलो, पण शेजारच्या यारविक गावाशी, आणि यारविकशी सगळेच हरतात. तिथले लोक हरणाऱ्यांना सूप देतात, हे त्यांचं सगळ्यात संतापजनक लक्षण.

मध्यंतरात मी खेळाडूंना समोर बसवून सात मिनिटं ओरडलो. संत्र्याच्या फोडी चोखत सगळे ऐकत होते. घाबरलेले दिसले नाहीत. उलट एकमेकांकडे बघून मंद हसत होते. चिडक्या पण घरच्या आजोबांकडे बघावं तसे. टायनीनं उठून माझ्या खांद्यावर कांबळंही टाकलं. भीती खोलवर गेली की चेहऱ्यावर अशी शांती येत असावी.

२३ जुलै

गेल्या सात सामन्यांत पाच विजय, एक पराभव, आणि एक सामना धुक्यानं रद्द. चेंडू सापडला, अर्धा संघ सापडेना.

नोला कँटीनच्या खिडकीतून म्हणाली, "लिंडसे, तुझे निरोप फार गाजतायत."

"मोजके आणि धारदार ठेवतो."

नोलाला चहाचा ठसका लागला. दोन्ही शेतकऱ्यांनी मिळून पाठ थोपटली.

पंचांनी आज ग्लेनिसला ताकीद दिली. कारण लिहून दिलंय: निरोप्यामुळे दोन्ही संघांचे खेळाडू हसत होते. माझा निरोप होता: "बचाव करताय की बस थांब्यावर उभे आहात?" बरा होता, पण इतका नव्हता.

२० ऑगस्ट

पहिल्या चारांत! नोलाला म्हटलं, आता तरी सांग, पुढच्या वर्षी मी आहे ना? ती म्हणाली, हंगाम संपू दे. शेवटचा कप आला त्याच वर्षी तिचं लग्न झालं होतं. "दोघांपैकी कप जास्त दिवस चमकला," म्हणते.

एक गोष्ट फक्त इथंच लिहितो. मी बाद फेरीत आयुष्यात एकदाच उतरलोय. वय सत्तेचाळीस, काम ट्रकवर उभं राहायचं, आणि स्वप्नात ते दोन झेल रोज सुटतायत. ग्लेनिसला कळू देणार नाही. तिनं रात्रीच्या जेवणाला न विचारताच खीर केली होती.

३ सप्टेंबर

उपांत्य सामनाही मारला. अंतिम सामना पुढच्या शनिवारी, यारविकशी. सामन्याआधी सकाळी दुकानात एकही गिऱ्हाईक काही विकत घ्यायला आलं नाही. सगळे सल्ले द्यायला आले. बर्नी कुबड्यांवर आला आणि म्हणाला, "माझ्या वेळचे निरोप वेगळे होते, नाही?" म्हटलं, तुला ते झेपत नव्हते.

१० सप्टेंबर

मध्यरात्र झालीय, पण लिहितोच.

दोन्ही गावं ओस, सगळ्या गाड्या मैदानाभोवती. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत यारविक तीन गोल पुढे. मी एकामागून एक निरोप सोडत होतो. ग्लेनिस पळत होती. आणि एकदा पळता पळता ती मध्येच थांबली, पोटरी धरून खाली बसली. दोघांनी उचलून आणली.

"फाटली बहुतेक," ती म्हणाली. "आता?"

"मी आहे."

"लिंडसे, थांब. आधी माझं ऐक—"

ऐकायला वेळ कुठला? तिचं पिवळं बनियन अंगात चढवलं. चढलं अर्धंच; खालचं अर्धं पोट बरिंगलला मोकळं ठेवून मी ट्रकवरून उडी मारली. गुडघ्यानं निषेध नोंदवला. ब्लू मैदानाच्या मध्यभागी कमरेवर हात ठेवून उभा. त्याच्यापर्यंत पोचलो आणि तोंड सोडलं: "झोपायला आलायस का इथं? मधून घुसू नको म्हणून किती वेळा सांगितलं? शेडच्या कडेनं!"

ब्लू माझ्याकडे बघतच राहिला. "कोच, बरं वाटत नाहीये का तुला?"

"मला काय झालंय?"

"नाही, असा का बोलतोयस? आणि ग्लेन कुठाय?"

"पोटरी गेली. निरोप मीच घेऊन आलोय."

"मग निरोप दे ना."

"हाच निरोप आहे!"

"छे," तो म्हणाला. "हे तू ट्रकवर करतोस ते. ते आम्हाला माहीत आहे, लोकांसमोर तुला ओरडावं लागतं. पण निरोप पाठवतोस तेव्हा तू वेगळा असतोस रे. जूनमध्ये तूच नाही का सांगून पाठवलंस, बाप होणारा माणूस दमला तरी चालतं, दमल्याची लाज वाटायला नको? मी रडलो होतो त्या दिवशी. सगळ्यांसमोर."

लिनेटची मिठी, अंजिराचा जॅम, टोपी, कांबळं, नोलाचा ठसका, सगळं एका रांगेत येऊन समोर उभं राहिलं. एक-एक करून माझ्याकडे बघून मंद हसलं.

पंच मागून ओरडला, "पिवळं बनियन! निरोप चाललाय की सोयरीक?"

"लिनेट कशी आहे?" मी ब्लूला विचारलं.

त्याचा चेहरा फुलला. "नववा. त्या पांढऱ्या गाडीत बसलीय. हॉर्न तिच्याकडेच आहे."

"मग तिला वाजवायला लाव. कुठूनही घूस. मधूनच घूस."

तो सुटला. पांढऱ्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, मग तिसऱ्यांदा. तिकडून यारविकनंही एक घातला, आणि चौथं क्वार्टर असं झालं की लिहायला हा हात पुरणार नाही. मी ट्रकवर परत गेलोच नाही. पळत राहिलो. प्रत्येकापाशी जायचो आणि मला त्याच्याबद्दल काय माहीत आहे ते आठवायचा प्रयत्न करायचो. फार कमी माहीत होतं. एकाला विचारलं, कुत्रं कसं आहे? तो म्हणाला, मांजर आहे. पण हसला.

शेवटी यारविक एका गुणानं पुढे. ब्लूनं मधून लांब चेंडू मारला. टायनी तीन जणांच्या डोक्यांवरून उठला आणि त्यानं तो अंड्यासारखा उतरवून घेतला. तेवढ्यात भोंगा झाला. सामना संपला, पण भोंग्याआधी झेल घेतला असेल तर किक मिळते. एक किक. समोर गोल, थोडा तिरपा. गाड्यांमधले सगळे बाहेर येऊन उभे राहिले. कोणी शिंकलंसुद्धा नाही.

टायनी थरथरत होता. मला अख्खं मैदान ओलांडून दिसलं.

पळालो. सत्तेचाळीस वर्षांचं पोट आणि एक गुडघा घेऊन पळालो, आणि त्याच्यापाशी पोचलो तेव्हा छातीत हवा अशी उरलीच नव्हती. वाकून गुडघ्यांवर हात ठेवले.

"काय निरोप, कोच?" त्याचा आवाज कुठून तरी लांबून आला.

"कॉलिन," मी म्हटलं.

त्यानं मागं वळून पाहिलं. त्या नावानं त्याला फक्त बँक हाक मारते.

"तूच," मी म्हटलं. "तू कोण आहेस ते मला नीट माहीत आहे. कॉलिन हॉकिंग. तुझी आई तिथं बसलीय, नव्या टोपीत. निरोप एवढाच. आता सावकाश होऊ दे, मला परत जायची ताकद नाही."

टायनी हसायला लागला. "कोच, पडू नकोस हं. तुला उचलायला मी नंतर येतो."

थरथर थांबली. तो मागे गेला, पळत आला, आणि लाथ मारली. अशी सुंदर किक मी मोठ्या लीगमध्येही पाहिली नाही. उंच गेली, वळली, आणखी थोडी वळली, आणि उंच खांबाच्या बाहेरच्या अंगाला साल खरवडून गेल्यासारखी निघून गेली.

गोलपंचानं एकच झेंडा हलवला. एक गुण.

बरोबरी.

आनंद करायचा की शोक, कोणालाच कळेना. यारविकचे आमच्याकडे बघतायत, आम्ही यारविककडे. एका गुणासाठी कोणी कधी हॉर्न वाजवत नाही. मग पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला, लांबलचक, लिनेट त्याच्यावर रेलली असावी. मग दुसरा, मग सगळे, यारविकचेसुद्धा, आणि त्या गदारोळात नोलाचा आवाज लाउडस्पीकरवरून: "पुढच्या शनिवारी पुन्हा सामना! तिकीट पुन्हा! सॉसेज रोल पुन्हा! ओव्हन कोणी बंद करू नका!"

टायनीनं मला खरंच उचलून आणलं.

११ सप्टेंबर

ग्लेनिस स्वयंपाकघरात, पाय दुसऱ्या खुर्चीवर, पोटरीवर गोठवलेल्या मटारची पिशवी.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. सात मे."

"प्रत्येक निरोप?"

"नाही रे. एकदा तू 'शाब्बास' म्हणाला होतास. तो तसाच नेला."

"म्हणजे जिंकत होतीस तू."

"जिंकत होते ते खेळणारे. मी नुसती पळत होते." तिनं मटार सारखे केले. "आणि नवीन काय केलं मी? गिऱ्हाइकांना तू वाट्टेल ते बोलतोस, मग टपाल टाकताना मी त्यांना सांगते की लिंडसेनं तुमची चौकशी केली."

"आणि माझ्या आईला?"

"तुझ्या आईला तर लग्नाच्या दिवसापासून."

मी बराच वेळ चहा ढवळला. साखर घातलीच नव्हती. मग म्हटलं, मोठ्या लीगमध्ये असं चालत नाही. तिथं माणूस घडतो तो कठोर शब्दांनी. व्हिक मॅलोनीनं मला…

"ती गोष्ट नको," ग्लेनिस म्हणाली. "दर नाताळला सांगतोस, सगळे हसतात. मी त्या दिवशी स्टँडमध्ये होते, लिंडसे. निरोप्या निघून गेल्यावर तू मैदानात कसा उभा होतास, ते मी पाहिलंय."

मटार वितळले, तेच मग जेवणात केले.

जेवताना म्हटलं, "शनिवारी तुला पळता येणार नाही."

"नाही."

"मग तू ट्रकवर उभी राहा. मी पळतो."

तिनं काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की सत्तावीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे कशी बघायची ते मला आठवलं.

१४ सप्टेंबर

ब्लूला मुलगी! आईबाळ खुशाल. सराव बारगळला, कारण अर्धा संघ दवाखान्याच्या आवारात उभा होता. सल्ला: 'रोप लहान असताना तण काढा.' ब्लूला वाचून दाखवला. तो पुन्हा रडला. या माणसाला रडवण्यात काही विशेष नाही, हे नोंदवून ठेवतो.

१७ सप्टेंबर

जिंकलो! दोन गोलांनी. कप नोलाच्या ओव्हनवर ठेवलाय, आणि नोला म्हणते डोळ्यांत गेला तो धूर होता. ओव्हन विजेचा आहे.

तिनं समितीचा निर्णयही तिथंच, चिमटा हातात धरून, जाहीर केला: "पुढच्या वर्षी हे दोघंही. कोणी कुठं उभं राहायचं ते त्यांनी घरी भांडून ठरवावं." एका शेतकऱ्यानं मान हलवली. दुसरा चक्क बोलला. "बरं," म्हणाला.

सगळं उद्या सविस्तर लिहीन. पण एक गोष्ट आजच नोंदवायला हवी, कारण ग्लेनिस ती उद्या कबूल करणार नाही.

पहिल्या क्वार्टरला ग्लेनिस ट्रकच्या हौद्यात चढली. पोटरीला पट्टी, हातात दुर्बीण. पाच मिनिटं एकदम शांत. मी खाली पिवळ्या बनियनमध्ये (लिनेटनं दोन्ही बाजूंना कापड जोडून दिलंय) निरोपाची वाट बघत उभा. टायनीनं पहिली सोपी किक मारली आणि चुकवली. एक गुण.

वरून आवाज आला. असा आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता.

"लिंडसे! त्या गवताच्या गंजीला जाऊन सांग! डोळे आहेत की बटणं? माझी टपालाची गाडी याच्यापेक्षा सरळ जाते, आणि तिचं पुढचं चाक वाकडं आहे! पुन्हा चुकला तर… तर त्याला म्हणावं, चालत घरी जा!"

मी मान वर करून पाहिलं. चेहरा लाल, केस उभे, दुर्बीण हवेत. व्हिक मॅलोनी हिच्यापुढे सौम्य होता.

"तसंच सांगू?" मी विचारलं.

"शब्द न शब्द!"

पळालो. आता दमही पूर्वीइतका लागत नाही. टायनी मान खाली घालून उभा होता. मी आल्याचं बघून त्यानं मान वर केली.

"काय म्हणतेय ग्लेन?"

"ग्लेननं सांगितलंय की," मी म्हटलं, "तुझ्या आईला ती टोपी फार शोभतेय."